जुन्या गाडीचा हिशेब

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त जानेवारी २०२५ मध्ये वर्धा येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



माजी विद्यार्थ्याला व्यासपीठावर उभे केले, की त्याने आपल्या यशाची कहाणी सांगावी, अशी अपेक्षा असते. माझी पंचाईत अशी, की सदतीस वर्षे दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनापासून अधीक्षकापर्यंत चढत गेलो, यापलीकडे सांगण्यासारखे यश माझ्यापाशी नाही. म्हणून मी आज एका गाडीबद्दल बोलणार आहे. फाटकाशी चिंचेखाली उभी असलेली ती पांढरी मारुती ८०० आपण येताना पाहिली असेल. पुढच्या महिन्यात तिला एकवीस वर्षे पूर्ण होतील. आज मी तिच्यातूनच शाळेत आलो.

विषय हलका वाटेल. परंतु १९७७ साली या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडताना मी जी एक गोष्ट बरोबर नेली, तिची खरी परीक्षा या गाडीनेच घेतली. ती गोष्ट म्हणजे हिशेबाची वही. आमचे गणिताचे गुरुजी आठवी-नववीच्या मुलांना घरचा जमाखर्च लिहायला लावीत. दर शनिवारी वही तपासत. कोणी नुसती जमेची बाजू रंगवून आणली, की म्हणत, "अर्धा हिशेब म्हणजे खोटा हिशेब." हे वाक्य मला पुढे फार महागात पडले. कसे, ते सांगतो.

मी १९८४ साली दिल्लीला गेलो. तेव्हा त्या शहरात मारुतीचीच चर्चा होती. गुडगावच्या कारखान्यातून १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी बाहेर पडली होती आणि पंतप्रधान इंदिरा गांधींनी तिची किल्ली हरपाल सिंग या दिल्लीकर गृहस्थांच्या हाती दिली होती. त्याआधी लाखाहून अधिक लोकांनी दहा-दहा हजार रुपये भरून नाव नोंदवले होते. अॅम्बॅसिडर आणि फियाट एवढ्या दोनच गाड्या ओळखीच्या असलेल्या देशात ही ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची, जेमतेम साडेसहाशे किलो वजनाची जपानी वळणाची गाडी आली आणि मध्यमवर्गाला प्रथमच वाटले, की आपणही कधीतरी. हे 'कधीतरी' माझ्या बाबतीत वीस वर्षे लांबले. तोवर स्कूटर होती. पुढे मुलगी उभी, मागे सौभाग्यवती आणि मधल्या फटीत भाजीची पिशवी.

२००३ मध्ये आईला उपचारांसाठी दिल्लीला आणले. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, तिला आठवड्यातून दोनदा न्यावे लागे. रिक्षावाले मयूर विहारहून तिकडे यायला कुरकुरत. सत्तरीची आई स्कूटरवर बसणे शक्य नव्हते. फेब्रुवारी २००४ मध्ये कर्ज काढून गाडी घेतली. सर्व धरून २ लाख २८ हजार रुपये. त्या दिवशी घरी परतल्यावर मी पहिले काम केले ते नव्या वहीच्या पहिल्या पानावर रकाने आखण्याचे: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, दुरुस्ती, इतर. ही ती वही. पुठ्ठा दोनदा बदलला आहे, आतली पाने तीच.

पेट्रोल दर वेळी टाकी भरून घ्यायचे, मागच्या भरण्यापासूनचे किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हा त्रैराशिकाहूनही सोपा हिशेब. परंतु गाडीची प्रकृती कळायला याहून उत्तम नाडीपरीक्षा नाही. माझी गाडी शहरात सरासरी सतरा किलोमीटर देई. ते ॲव्हरेज चौदावर आले, की समजावे, कुठेतरी दुखते आहे. कधी चाकात हवा कमी असे, कधी एअर फिल्टर दिल्लीच्या धुळीने गच्च झालेला असे, कधी ब्रेक चाकाला चिकटून राहिलेला असे. गाडी बोलत नाही, पण तिचे आकडे बोलतात.

एकदा ॲव्हरेज एकदम बारावर आले आणि गाडी उभ्या जागी थरथरू लागली. एका मोठ्या सेवा केंद्रात नेली. काचेमागे बसलेल्या तरुणाने इंजिन उघडावे लागेल असे सांगून अठ्ठावीस हजारांचा अंदाज हाती दिला. मी गाडी तशीच परत आणली आणि आमच्या वसाहतीमागे पिंपळाखाली बसणाऱ्या एका मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन चालू ठेवून पाच मिनिटे नुसते ऐकले, मग एका रबरी नळीवर बोट दाबले. थरथर थांबली. नळीला चीर गेली होती आणि तिच्यातून नको ती हवा आत शिरत होती. नळी साठ रुपयांची. मजुरी त्यांनी घेतली नाही, चहा घेतला.

त्यानंतर गाडी त्यांच्याच हाताखाली राहिली. त्यांनी मला जे शिकवले ते जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे. तेल वेळेवर बदला, कारण तेल स्वस्त आणि इंजिन महाग. गाडीची टायमिंग बेल्ट तुटण्याची वाट पाहू नका. ती तुटते तेव्हा गाडी असेल तिथे उभी राहते, आणि ती जागा कधीच सोयीची नसते. उन्हाळ्यात दर रविवारी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी बघा. मे महिन्यात दिल्लीचा पारा पंचेचाळीसला टेकतो. पाणी आटलेल्या इंजिनाचे हेड वाकले आणि गॅस्केट उडाले, की साठ रुपयांत भागत नाही. पावसाळ्यानंतर पायाखालची रबरी चटई उचलून पत्रा बघा. जुनी गाडी इंजिनाने मरत नाही, गंजाने मरते. आणि सर्वांत महत्त्वाचे, नवा आवाज आला की त्याच दिवशी विचारा. रोग आणि कर्ज लहान असतानाच फेडावे.

सुटे भाग आणायला ते मला काश्मिरी गेटच्या बाजारात पाठवीत. मोटारीच्या सुट्या भागांची ती घाऊक पेठ म्हणजे एक स्वतंत्र विद्यापीठच. मारुती ८०० च्या लोकप्रियतेचा खरा लाभ तिथे कळे. ज्या गाडीचे लाखो जोडीदार रस्त्यावर आहेत, तिचा कोणताही भाग कोणत्याही गल्लीत मिळतो आणि प्रत्येक मिस्त्रीचे हात तिच्यावर बसलेले असतात. गाडी दीर्घकाळ परवडते ती केवळ कमी पेट्रोल पिते म्हणून नव्हे. ती दुरुस्त करणारी माणसे टिकून असतात म्हणून.

या गाडीने काय केले? आईला शेवटची चार वर्षे एम्सला नेले-आणले. अकरा वर्षे तिच्या मागच्या बाकावर बसून गणपती आमच्या घरी आला. मुलगी तिच्यावर गाडी चालवायला शिकली, डाव्या दाराचा पोचा त्या शिकण्याची पावती आहे. लग्नानंतर ती जवळच राहायला आली आणि मग तिच्या लेकीसाठी, माझ्या नातीसाठी, त्याच बाकावर लहान मुलांची खुर्ची बांधली गेली.

आता वहीतला पंधरा वर्षांचा गोषवारा सांगतो. जानेवारी २०१९ अखेर गाडी १ लाख २८ हजार ४०० किलोमीटर चालली होती. गाडीची किंमत २ लाख २८ हजार. सुमारे ७,५५० लिटर पेट्रोलचे ४ लाख १५ हजार. मी पहिल्यांदा टाकी भरली तेव्हा लिटरला चौतीस रुपयेही पडले नव्हते, शेवटी सत्तरच्या आसपास मोजत होतो. दुरुस्ती, टायर, बॅटऱ्या मिळून १ लाख ७२ हजार. विमा व इतर ६५ हजार. एकूण ८ लाख ८० हजार. म्हणजे किलोमीटरला ६ रुपये ८५ पैसे. यात गाडीच्या मूळ किमतीचा वाटा अवघा १ रुपया ७८ पैसे. माझ्या कार्यालयातील सहकारी दर पाच वर्षांनी गाडी बदलत. त्यांना मी हा आकडा अभिमानाने दाखवीत असे. मला वाटे, गुरुजींनी ही वही तपासली असती तर पाठ थोपटली असती.

मित्रहो, इथपर्यंतची कथा जमेच्या बाजूची आहे.

दिल्लीच्या हवेचा प्रश्न मी तिथे राहून जवळून पाहिला. एप्रिल १९९५ पासून महानगरांतील नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सक्तीचा झाला. १९९८ मध्ये दिल्लीतून शिसेयुक्त पेट्रोल गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बसगाड्या सीएनजीवर आल्या. एप्रिल २००० पासून राजधानी क्षेत्रात नव्या मोटारींसाठी युरो-दोनचे निकष लागू झाले. माझी गाडी त्याच पिढीतली. पुढे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीसह तेरा शहरांत भारत स्टेज-चार आले, तेव्हा ८०० चे इंजिन त्या निकषासाठी बदलण्याऐवजी कंपनीने त्या शहरांतील तिची विक्रीच थांबवली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनही संपले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आदेश दिला, की पंधरा वर्षांहून जुनी वाहने दिल्लीत चालू नयेत. एप्रिल २०१५ मध्ये डिझेलची मर्यादा दहा वर्षांवर आली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण राजधानी क्षेत्रासाठी या मर्यादांवर शिक्कामोर्तब केले.

देशात इतरत्र खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीत गाडी उतरली तर ती पाच वर्षांनी वाढते. राजधानी क्षेत्रात ते दार बंद झाले. माझ्या गाडीला चार महिने उरले होते.

मला संताप आला. गाडीचे वय मोजता, तिची प्रकृती का मोजत नाही? वर्षाला पन्नास हजार किलोमीटर पळून खिळखिळी झालेली आठ वर्षांची गाडी चालते, आणि मी लेकीसारखी जपलेली चालत नाही? धूर ट्रकांचा आहे, बांधकामाच्या धुळीचा आहे, कारखान्यांचा आहे, शेतात जाळलेल्या पराळीचा आहे. या एवढ्याशा गाडीने असे काय होणार आहे? माझ्या प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्रांची चळत मी लोकांना दाखवीत असे. एकदाही गाडी नापास झाली नव्हती.

या युक्तिवादातला काही भाग मला आजही खरा वाटतो. पण तो पूर्ण खरा नाही, हे मला एका वर्षापूर्वीच कळले होते आणि मी ते वहीत लिहिले नव्हते.

नोव्हेंबर २०१७. दिल्लीत असे धुके दाटले होते की प्राथमिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. नात पाच वर्षांची. एका रात्री तिला दम लागला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मुलीने तिला मांडीवर घेतले आणि आम्ही याच गाडीतून रुग्णालयात निघालो. वाटेत एका चौकात दिवा लाल झाला. पुढे-मागे गाड्यांच्या रांगा, प्रत्येकीच्या मागे पांढरट धूर. मी आरशात पाहिले. आमच्याही मागे तो होता. मी इंजिन बंद केले. मुलीने विचारले, "बाबा, बंद पडली का?" मी नाही म्हणालो. पुढे काही बोललो नाही.

नात बरी झाली. तिला वाफारा देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कोणालाही दोष दिला नाही. पण घरी आल्यावर मी प्रदूषण प्रमाणपत्र नीट वाचले. त्यात पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन एवढेच मोजलेले असते, तेही गाडी उभी असताना. नायट्रोजनची ऑक्साइडे, सूक्ष्म कण यांचा रकानाच नाही. शिवाय परिवर्तक वयाबरोबर थकतो. माझ्या गाडीच्या पिढीला किलोमीटरमागे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. आजच्या निकषात ती एक ग्रॅमवर आली आहे. म्हणजे मी ती जपत होतो ते खरे. पण उत्तम जपलेली जुनी गाडीसुद्धा जुन्या निकषाचीच राहते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण बचतीसाठी वापरतो. ती धुरालाही लागू आहे.

त्या रात्री मला गुरुजींचे वाक्य आठवले. माझ्या वहीत पाच रकाने होते आणि सहावा नव्हता. ६ रुपये ८५ पैशांत जे आले नव्हते, ते दुसरे कोणी भरत होते. त्या दुसऱ्यांत माझी नातही होती. अर्धा हिशेब म्हणजे खोटा हिशेब.

तरी गाडी मायापुरीच्या भंगारात देणे जमेना. अखेर वर्ध्याला धाकट्या भावाकडे न्यायचे ठरले. परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, त्यासाठी चॅसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने उठवलेला ठसा, पोलिसांचा दाखला, विमा, सगळे जमवायला सहा आठवडे लागले. निघण्याच्या आदल्या दिवशी उस्तादांनी बेल्ट, होजपाइप, ब्रेक तपासून दिले. पैसे घेतले, म्हणाले, या वेळी घेतो, म्हणजे पुन्हा येणार नाही हे मला पटेल.

जानेवारीच्या धुक्यात सौ. आणि मी निघालो. मथुरा, आग्रा, मग चंबळ ओलांडून ग्वाल्हेर, झाशी, ललितपूर, सागर, नरसिंहपूर, शिवनी, नागपूर, वर्धा. सुमारे साडेअकराशे किलोमीटर, तीन दिवस. शिंदे, नेवाळकर, गोविंदपंत बुंदेले, भोसले, मराठ्यांच्या इतिहासाची अर्धी वाट आम्ही ताशी सत्तरच्या वेगाने उलटी चाललो. मोकळ्या रस्त्यावर गाडीने बावीसचे ॲव्हरेज दिले. पेंचच्या जंगलात एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा आकाश निळे होते आणि मी बऱ्याच महिन्यांनी छाती भरून श्वास घेतला. मग मनात आले, ही हवा स्वच्छ आहे म्हणून आपण आपला धूर इकडे आणतो आहोत काय? वर्ध्याच्या मुलांची फुप्फुसे निराळी असतात काय?

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. म्हणून भावाशी एक करार केला. नोंदणी येथे करून घेतली, पर्यावरण कर भरला, पाटीवर डीएल ७ च्या जागी एमएच ३२ आले. गाडी रोज बाहेर काढायची नाही. सेलूच्या शेतावर जाणे, आजारी माणूस, लग्नकार्य, एवढेच. बाजाराला सायकल किंवा एसटी. वर्षाला दोन हजार किलोमीटरच्या आत. आणि वहीत सहावा रकाना आखायचा. त्यात रुपये लिहिता येत नाहीत, म्हणून आम्ही दर फेरीपुढे फक्त 'गरज होती' किंवा 'नव्हती' असे लिहितो. भावाने पहिल्या वर्षी बेचाळीस वेळा 'नव्हती' लिहिले. गेल्या वर्षी नऊ वेळा. त्याच्या प्रामाणिकपणाचे श्रेयही याच शाळेला आहे, तोही इथलाच विद्यार्थी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे पुन्हा नूतनीकरण झाले. पूर्वी सहाशे रुपयांत होणारे हे काम एप्रिल २०२२ पासून पाच हजारांचे झाले होते. शासनाचा संकेत स्पष्ट आहे आणि आता तो मला रागाचा वाटत नाही. आम्ही दोघा भावांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे: फेब्रुवारी २०२९ नंतर नूतनीकरण करायचे नाही. गाडी अधिकृत मोडीत काढण्याच्या केंद्रात द्यायची. त्याआधी तपासणीत नापास झाली, तर त्याच दिवशी.

पालकहो, आपल्याकडे सेवाग्राम हाकेच्या अंतरावर आहे. बापू कुटीतील मोजक्या वस्तू आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. कमी वस्तू ठेवाव्यात आणि त्या झिजेपर्यंत वापराव्यात, हा संस्कार या मातीत आहे. तो सोडू नका. मुलांना नवी गोष्ट घेऊन देण्याआधी जुनी दुरुस्त करायला शिकवा. पंक्चर काढणे, शिलाई उसवली तर घालणे, पेट्रोलचे ॲव्हरेज काढणे, यांत कमीपणा नाही. परंतु जपणुकीचा अभिमान झाला, की ती डोळ्यांवर पट्टी बांधते, हेही मी अनुभवाने सांगतो. वस्तू आपली असते. हवा, पाणी आणि रस्ता आपल्या एकट्याचे नसतात.

विद्यार्थी मित्रहो, भाषण संपल्यावर ज्यांना गाडी बघायची असेल त्यांनी जरूर बघावी. बॉनेट उघडून दाखवीन, तिन्ही प्लग मोजून घ्या. फेरी मात्र मारता येणार नाही. त्या फेरीपुढे मला वहीत 'नव्हती' असे लिहावे लागेल, आणि ज्या शाळेने ही वही लिहायला शिकवली तिच्याच अंगणात ते लिहिण्याची माझी इच्छा नाही.